होमाला जागा कुठे देणार?

मुलीच्या लग्नासाठी आम्ही हॉटेलं बघतोय हे कळल्यावर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या. पुण्याच्या कोथरूडात राहणारी, डी. पी. रोडवरच्या लॉन्सवर आणि कर्वे रोडच्या कार्यालयांत आयुष्यभर जेवून आलेली माणसं आता नदीपलीकडच्या पंचतारांकित हॉटेलात लग्न करणार, म्हणजे यांना काहीतरी दाखवायचंय, असा सरळ हिशेब लोक मांडतात. तो मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

आमच्याकडे हॉटेलचा विषय निघाला तो सासूबाईंमुळे. त्या ८६ वर्षांच्या आहेत. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरतात, त्यापुढे चाकाची खुर्ची लागते आणि दर दोन-अडीच तासांनी पाठ टेकावी लागते. स्थळ ठरलं, बैठक झाली आणि लेकीने एकच अट घातली. "आई, आजी अक्षता टाकून लगेच घरी जाणार असेल तर मला तसलं लग्न नको. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत ती तिथे हवी." मग आम्ही नेहमीच्या कार्यालयांकडे नव्या नजरेने पाहिलं. वधूपक्षाची खोली पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, खोलीत भिंतीला लावलेल्या गाद्या, बाथरूम एक आणि त्याच्या उंबऱ्याला वीतभर पायरी. या खोल्यांत मी स्वतः नऊवारी नेसून नवरी झाले आहे, नणंदांच्या वेण्या घातल्या आहेत, पाठवणीला रडले आहे. त्या खोल्यांबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही. पण ८६ वर्षांच्या बाईला दिवसभर तिथे ठेवणं म्हणजे तिचे हाल करणं.

हॉटेलात वर खोली, खाली हॉल, मध्ये लिफ्ट. बाथरूममध्ये कमोडशेजारी धरायला दांडी. दाराला उंबरा नाही. आईंना साडेअकराला वाटलं तर वर जाऊन पडता येईल आणि जेवणाच्या वेळी पुन्हा खाली यायला पाच मिनिटं लागतील. एवढ्यासाठी आम्ही हॉटेल निवडलं. झुंबरं, संगमरवर आणि लॉबीतली ताजी फुलं आपोआप आली.

पण पहिल्याच भेटीत एका बँक्वेट मॅनेजरने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "मॅडम, तुम्ही फक्त तयार होऊन यायचं. बाकी कशालाही हात लावायची गरज नाही." तो त्याच्या परीने उत्तम सेवेचं आश्वासनच देत होता. मला मात्र त्या वाक्याची भीती वाटली. मराठी लग्न कामांवर उभं असतं. कुणाकडे अक्षता वाटण्याचं काम, कुणाकडे आहेराच्या नोंदीची वही, कुणाकडे गुरुजींना काय हवं-नको ते बघणं, कुणी रुखवताचा पहारेकरी, कुणी वरपक्षाच्या चहाचा धनी. कामं नसती तर त्या काकाला, त्या मावसभावाला, लांबच्या त्या चुलत जावेला लग्नात नेमकं काय करायचं हे कळलंच नसतं. हातात काम आलं की माणूस त्या लग्नाचा होतो. सगळी कामं गणवेशातल्या माणसांनी उचलली तर आपली माणसं गोल टेबलाभोवती पाहुण्यांसारखी बसून राहतात, फोन बघतात आणि जेवून निघतात. असं एक लग्न मी पाहिलंय. कशाचीच उणीव नव्हती आणि तरीही दोन तासांत सगळे पांगले होते.

म्हणून हॉटेल बघताना माझी कसोटी वेगळी झाली. हॉल किती चौरस फुटांचा आणि स्टेज केवढं हे नवरा आणि जावई बघत होते. मी विचारत होते, आमच्या माणसांना इथे काय काय करू द्याल?

सगळ्यात आधी होम. हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी पहिला विचारला आणि उत्तरावरून हॉटेलचा स्वभाव कळत गेला. बँक्वेट हॉलच्या छतात धूर ओळखणारी यंत्रं असतात, पाण्याचे फवारे असतात आणि खाली जाड गालिचा. त्यामुळे अग्नी म्हटलं की चेहरे बदलतात. एका ठिकाणी सांगितलं की होमाऐवजी मोठी समई ठेवा, तिच्याभोवती फेरे घ्या, बरीच कुटुंबं तसंच करतात. मी नको म्हटलं. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या नवरा-नवरी मिळून अग्नीला देतात. त्या लाह्या तुपात तडतडल्या पाहिजेत, धूर डोळ्यांत गेला पाहिजे. माझ्या लेकाला त्या दिवशी बहिणीसाठी करायची जी दोन-तीन कामं आहेत, त्यातलं हे पहिलं. दुसरं नवऱ्या मुलाचा कान पिळायचं. ते कुठलंही हॉटेल अडवत नाही.

शेवटी जिथे ठरवलं तिथल्या माणसाने नाहीही म्हटलं नाही आणि लगेच होही म्हटलं नाही. त्याने देखभाल विभागातल्या एका गृहस्थांना बोलावून घेतलं. त्यांनी गुरुजींनाच फोन लावायला सांगितला. होमकुंड केवढं, गोवऱ्या किती, समिधा किती वेळ जळतील, तूप किती, सगळं विचारून घेतलं. मग सांगितलं, हॉलमध्ये करायचं तर खाली पत्रा, त्यावर विटा आणि वाळू, तेवढ्या भागाची यंत्रं तासभर बंद, आणि आमचा माणूस अग्निशामक घेऊन बाजूला उभा. नाहीतर हॉलच्या दारापुढे छोटी हिरवळ आहे, सकाळी ऊन असतं, तिथे मांडव घाला. माघातलं सकाळचं ऊन! तिथल्या तिथे ठरलं. लग्न अंगणात, जेवण आत. गुरुजींनी फोनवरच एक सूचना केली, ती मी त्यांच्याच शब्दांत देते: "ताई, वाऱ्याची दिशा बघून कुंड ठेवा, म्हणजे आजींकडे धूर जाणार नाही." इतकी वर्षं लग्नं लावणारा माणूस काय काय बघतो!

अक्षतांबद्दल तडजोड केली. हळद-कुंकवाच्या तांदळांनी गालिचे खराब होतात हे खरं आहे आणि साफसफाईचे पैसेही वेगळे लागतात. हिरवळीवर अक्षता, आत स्वागतसमारंभाला फुलांच्या पाकळ्या, असं ठरलं. अक्षता आमच्याच सोसायटीतल्या बायका घरी रंगवणार आहेत.

आता जागेचं. पुण्यातली मोठी हॉटेलं बहुतेक पूर्वेला आहेत. मंगलदास रोडवरचं कॉनरॅड, स्टेशनजवळचं शेरेटन ग्रँड, कोरेगाव पार्कातलं जुनं ब्लू डायमंड, मुंढव्याकडचं वेस्टिन, येरवड्यात गोल्फ क्लबजवळचं रिट्झ-कार्लटन, विमाननगरचं हयात. पश्चिमेला सेनापती बापट रस्त्यावर जे. डब्ल्यू. मॅरियट, बालेवाडीला क्रीडासंकुलाशेजारी ऑर्किड. आणि लग्नाला येणारी आमच्यासारख्यांची माणसं कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, सिंहगड रस्ता, पेठा इथली. लग्न सकाळचं असेल तर पैठणी नेसून, दागिने घालून त्यांना शहर आडवं कापायचं. पूर्वी मी या एका कारणावरून पूर्वेची हॉटेलं सरळ बाद केली असती. पण मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोचली आणि हे गणित बदललं. वनाझला बसायचं, गाडी बदलायची नाही, बंड गार्डन, येरवडा, कल्याणीनगर करत थेट रामवाडी. कोथरूडच्या माझ्या सत्तरीतल्या नणंदेने आधी एकदा तसं करून पाहिलं आणि फोनवर सांगितलं, "वहिनी, स्टेशनात लिफ्ट आहे, गाडीत गारवा आहे. मी तर मेट्रोनेच येणार." हॉटेल ठरवताना मेट्रो स्टेशनपासून तिथवर चालायला लागणारा वेळ बघा, आणि वाटेत पदपथ आहे का तेही बघा. आम्ही ज्या रस्त्यावर ठरवलं तिथे तो तुटक आहे, म्हणून स्टेशनपासून हॉटेलपर्यंत एक गाडी सतत फिरती ठेवणार आहोत.

आणि दुचाकी! या शहरात लग्नाची चर्चा होते आणि दुचाकी कुठे लावायच्या हे कुणी विचारत नाही. हॉटेलवाले मोटारींबद्दल भरभरून बोलतात: इतक्या गाड्यांची सोय, चावी द्या, आमचा माणूस गाडी लावेल. दुचाकी म्हटलं की, "मागच्या गेटने" एवढंच उत्तर. मी मागच्या गेटने चालत गेले. तळघराचा घसरता उतार, सामान उतरवायची जागा, भाज्यांचे क्रेट, कपडेधुलाईचा वाफाळता वास, मग कर्मचाऱ्यांची लिफ्ट. माझी मैत्रीण, जिने माझ्या लेकीला पहिली अक्षरं शिकवली, ती आजही स्कूटरवर फिरते. ती लग्नाला या वाटेने येणार? मी म्हटलं, दुचाकी मागे लावू, पण तिथून पाहुण्यांना आणायला तुमची पुढची लिफ्ट उघडा आणि उतारावर माणूस उभा करा. हे करारपत्रात लिहून घेतलं. तोंडी "हो हो मॅडम" यावर थांबू नये. ज्या माणसाशी बोललो तो लग्नापर्यंत दुसऱ्या हॉटेलात गेलेला असतो, असं ओळखीत घडलंय.

जेवणाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

चव बघायला बोलावलं तेव्हा पुढ्यात आलं ते देखणं होतं. पनीरचे दोन प्रकार, काळी डाळ, सात तऱ्हांचं सॅलड. मराठी पदार्थ विचारल्यावर अळूची भाजी आली. मिक्सरमधून काढलेली, पालकासारखी गुळगुळीत, वर मलईची रेघ. शेफ तरुण होता, आपल्याकडचा नव्हता, आणि उत्सुकतेने माझ्याकडे बघत होता. मी त्याला सांगितलं की हे अळूचं फदफदं. ते घोटायचं, वाटायचं नाही. हरभऱ्याची डाळ आणि दाणे दाताखाली आले पाहिजेत, खोबऱ्याचे काप हवेत, मुळा असला तर उत्तम. आंबटचुका किंवा चिंच नसेल तर घसा खवखवतो, आणि चिंच आली की गूळ आलाच. वर मेथीदाण्यांची फोडणी. त्याने खिशातून वही काढून उतरवून घेतलं, मध्येच "दाणे भिजवून की भाजून?" असं विचारलं. भिजवून. पुढच्या वेळी वाटी पुढे आली तेव्हा रंग बदलला होता, डाळ दिसत होती, गूळ थोडा कमी होता, बाकी सगळं आमच्या घरचं. मी त्याच्या दोन्ही हातांना हात लावून शाबासकी दिली.

मसालेभाताला गोडा मसाला माझ्या हातचा द्यायची फार इच्छा होती. घरचा मसाला स्वयंपाकघरात घेता येत नाही, अन्नसुरक्षेचे नियम आहेत, असं त्यांनी सांगितलं. पटलं. शंभरच्या वर माणसांच्या ताटाची जबाबदारी त्यांची आहे. मग परवाना असलेल्या एका गृहउद्योगाचा बंद पाकिटातला मसाला ठरला. मठ्ठ्यात आलं आणि कोथिंबीर भरपूर, जिलबी जागेवर तळून गरम. बुफे सगळ्यांसाठी आहेच. पण विहिणीची पंगत मी सोडली नाही. वरपक्षाचे ज्येष्ठ, आमचे ज्येष्ठ, आई, गुरुजी, यांच्यासाठी टेबलांवर केळीची पानं, कडेने रांगोळी, डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर. ताटावर बसवून वाढायला वाढपी जास्त लागतात म्हणून दर थोडा वाढतो. तो द्यायला आम्ही तयार होतो. अडलं ते पुढच्या मागणीवर: तूप आणि जिलबी आमची माणसं वाढतील. हॉटेलात पाहुण्यांनी वाढायची पद्धत नाही, असं उत्तर आलं. मी म्हटलं, वाढणारे पाहुणे नाहीत, मुलीचा मामा आणि काका आहेत. "अजून एक घ्याच, आमच्यासाठी घ्या" हे गणवेशातल्या मुलाने म्हणून चालत नाही. त्याला तो हक्कच नाही. बराच वेळ बोलून मार्ग निघाला. हातमोजे घालायचे, डोक्याला टोपी, भांडं त्यांच्या माणसाने धरायचं, वाढायचं मामाने. माझा भाऊ हे ऐकून इतका खूश झाला की त्याने लगेच विचारलं, "ताई, तूप गरम ठेवायची सोय बघितलीस ना?"

पैशांबद्दल थोडक्यात, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. ताटाचा दर ऐकून लोक निर्णय घेतात आणि बिल बघून चकित होतात. ज्या हॉटेलांत खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं, तिथे हॉल आणि जेवण मिळून १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या कार्यालयात हॉल-जेवण एकत्र घेतलं तर ५ टक्के. समजा ताट २५०० रुपयांचं आणि माणसं २५०. मूळ रक्कम सव्वासहा लाख. त्यावर हॉटेलात कर १,१२,५०० रुपये, कार्यालयात ३१,२५०. हा फरक आधीच हिशेबात धरा. दुसरं, हमीचा आकडा. तुम्ही २५० सांगितले आणि २१० आले तरी पैसे २५०चेच. आपल्याकडे पत्रिकेवर "सहकुटुंब सहपरिवार" लिहितात आणि येणार की नाही हे कळवायची रीत नाही. त्यामुळे हमीचा आकडा कमी ठेवावा आणि वर किती ताटं वाढवता येतील ते लिहून घ्यावं. तिसरं, खोल्या साधारण दुपारी दोननंतर मिळतात. मुहूर्त सकाळचा असेल तर आदल्या रात्रीचं भाडं धरूनच चला. आवाजाचंही एक: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, बंद हॉलमध्ये चालतो. मुलांना आदल्या रात्री नाचायचं आहे, म्हणून ते आत.

विहीणबाई कोल्हापूरच्या. एवढं सगळं फोनवर सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "पोरांना पसंत हाय न्हवं, मग झालं. आमच्या वऱ्हाडाला तेवढं आंघोळीचं गरम पाणी आणि पोहे वेळेवर मिळू देत बघा." वऱ्हाडाची बस हॉटेलच्या पोर्चखाली मावते का, हे मी त्या फोननंतर लगेच मोजून घेतलं. मावत नाही. बाहेर रस्त्यावर उतरून आत चालत यावं लागेल, म्हणून सनई-चौघडा गेटपाशीच.

सगळ्यात जड गेलं ते यादीचं. कार्यालयात पन्नास माणसं जास्त आली तर आचारी भाताला अजून एक पातेलं चढवतो. हॉटेलात नाव लिहिताना प्रत्येक वेळी आकडा डोळ्यांपुढे येतो. भाच्याचं लग्न एप्रिल २०२१च्या निर्बंधांत झालं होतं. एक हॉल, २५ माणसं आणि दोन तास. तेव्हा कुणाला बोलवायचं हे ठरवताना बहिणीने जे सोसलं ते मी जवळून पाहिलंय. म्हणून आम्ही यादी वरून खाली न लिहिता उलटी लिहिली. ज्यांच्यावाचून हे लग्न होऊच शकत नाही, ती नावं आधी. त्यात आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या मावशी, त्यांचा मुलगा आणि सून, आईंना व्यायाम शिकवायला येणारी मुलगी, लेकीच्या शाळेच्या रिक्षाचे काका. नवऱ्याच्या ऑफिसातले बरेच वरिष्ठ खाली गेले आणि काही गळाले. त्याने एकदाही तक्रार केली नाही.

मावशींनी मात्र विचारलं, "ताई, तिथं आम्हाला आत सोडतील का?" त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. मोठ्या हॉटेलच्या दारात यंत्राची कमान असते, सामान तपासतात, दरवान वरपासून खालपर्यंत बघतो. आपल्याला सवय झालेली असते. ज्याला नसते त्याचं पाऊल तिथेच अडखळतं. कुणीही तिथे एकटं येऊ नये, एवढी सोय आम्हाला करायची होती आणि तिथूनच आमच्या माणसांची कामं नव्याने वाटली गेली. मेट्रो स्टेशनच्या बाहेर दोन भाचे, फेटे बांधून. मागच्या उतारावर, दुचाकींपाशी, धाकटे दीर. पुढच्या कमानीच्या आतल्या बाजूला अत्तर आणि गुलाबदाणी घेऊन माझी जाऊ आणि तिच्या दोन्ही सुना. आईंच्या खुर्चीमागे पाळीपाळीने नातवंडं. आहेराची वही नेहमीप्रमाणे मोठ्या नणंदेकडे. मावशींना आणायला लेक स्वतः गाडी पाठवणार होती, पण त्या म्हणाल्या, आम्ही मेट्रोने येतो, सुनेला बघायचीय. त्यांना घ्यायला स्टेशनात मी जायचं ठरवलं होतं, मात्र नवरीच्या आईला त्या वेळी गौरीहरापाशी असावं लागतं. तेव्हा माझा नवरा जाणार आहे.